बिनबॅटरीचा नेम

शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच घरांत आहे. पुतण्याला त्याच्या बंदुकीवर नेम धरायचं साधन बसवायचंय, बॅटरी न लागणारं, वर्षानुवर्षं टिकणारं. "काका, खयचा घेव?" प्रश्न वावगा नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. शिवाय खाऱ्या हवेने सेलचं काय होतं, ते आपण टॉर्चमध्ये पाहतोच.

पर्याय तसे तीन. ट्रिटियमचा ठिपका अंधारात आपोआप उजळतो. पण साधारण सव्वाबारा वर्षांत त्यातलं निम्मं ट्रिटियम संपतं. प्रकाशतंतूचा दाणा बाहेरचा उजेड गोळा करतो. उजेडच नसेल तर तोही गप्प. तिसरा पर्याय म्हणजे पुढे लोखंडी माशी आणि मागे बारीक भोक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, ते दुर्बिणीविना, अशाच भोकातून पाहून. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून वाचा. अक्षरं स्पष्ट दिसतात, माझ्या सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांनासुद्धा!

म्हणून मी तिसरा सुचवला. पुतण्या म्हणाला, भोकातून तिन्हीसांजेनंतर काही दिसत नाही, आणि डुक्कर तेव्हाच येतं. खरं आहे. पण चमकणारा ठिपका अंधारात फक्त नेम दाखवतो. समोर कोण आहे ते दाखवत नाही. हललेल्या झुडपामागे बाग राखायला आलेला शेजारीही असू शकतो. माशी दिसेनाशी झाली की बंदूक खाली ठेवावी. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं.