वजा पायाची कमाल

घाटकोपरला आमच्याकडे आजोबांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी माइकचा अ‍ॅम्प्लिफायर करायला मी लॅमिंग्टन रोडवरून ७४१ ही आठ पायांची ऑप-अँप चिप आणली. तिच्या ‘अधिक’ आणि ‘वजा’ पायांवरच्या व्होल्टेजमधला फरक ती सुमारे २ लाख पट वाढवते!

पण दोस्तांनो, ही ताकद भरवशाची नसते. प्रत्येक चिपची वेगळी, शिवाय तापली की बदलणारी. आजोबांना आवाज आज हळू, उद्या कर्कश ऐकू आला तर कसं चालेल?

उपाय सोपा. १०० आणि १ किलोओहमचे दोन रेझिस्टर जोडून आउटपुटचा १०१वा भाग वजा पायाला परत द्यायचा. आउटपुट वाढलं, की वजा पाय त्याला खाली ओढतो. घटलं, की वर जाऊ देतो. मग चिप बदलली तरी वाढ साधारण १०१ पटच!

हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला ही युक्ती १९२७ साली कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून ठेवली.

२ लाख पट ताकद सोडून १०१ पट भरवसा घ्यायचा, हा सौदा मला फार आवडला. आणि आजोबांनाही!