कोऱ्या जागेची साक्ष

कॅफीनच्या एनएमआर आलेखात तीन मिथिल गटांची तीन ठसठशीत शिखरं दिसतात: साधारण 4.0, 3.6 आणि 3.4 पीपीएमवर. थिओब्रोमिनला ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, मिथिल आयोडाइड जोडून आम्ही कॅफीन-डी3 करतो, तेव्हा 3.4 ची जागा कोरी पडते. हायड्रोजन पाहणाऱ्या यंत्राला ड्यूटेरियम दिसत नाही. मी सगळ्यात आधी त्या कोऱ्या जागेकडे बघतो. तिथे बारीकसा उंचवटा असला, तरी काम संपलेलं नसतं.

रक्तातलं औषध मोजताना त्याचं असं जड भावंड नमुन्यात मोजून घालतात. नमुना काढताना दोघांचीही तूट सारखीच होते. मास स्पेक्ट्रोमीटरवर मात्र साधं कॅफीन 195 वर उमटतं, कॅफीन-डी3 198 वर. दोघांच्या गुणोत्तरावरून औषधाचं प्रमाण कळतं.

एचपीएलसीवर 99.5 टक्के आलं की प्रयोगशाळेतली नवी मुलं खूश होतात. ती रासायनिक शुद्धता. पण हलकं आणि जड कॅफीन कॉलममधून जवळजवळ एकत्रच उतरतात, तिथे भेसळ कळत नाही. जड मिथिलमधल्या हायड्रोजनच्या प्रत्येक जागी 98 टक्के ड्यूटेरियम असलं, तरी तिन्ही जागा भरलेले रेणू 94 टक्केच भरतात. एखादी जागा चुकलेला रेणू चालून जातो. एकही ड्यूटेरियम नसलेला रेणू मात्र घातक, कारण तो 195 वर उमटतो आणि नसलेलं औषध रक्तात दाखवतो.

हे ड्यूटेरियम मुळातच दुर्मीळ: पाण्यात सुमारे 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक. रायगडमधल्या थळच्या कारखान्यात अमोनिया आणि हायड्रोजन वायूच्या अदलाबदलीतून ते वेचतात. अदलाबदलीनं मिळालेलं अदलाबदलीनं जातंही, हे मी एका किटोनवर शिकलो. कार्बोनिलशेजारी बसवलेलं ड्यूटेरियमचं लेबल मी साध्या पाण्यातल्या कॉस्टिकमध्ये रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी एचपीएलसी निर्मळ होतं. मास स्पेक्ट्रममध्ये मात्र बरंचसं लेबल गेलेलं. ते पाण्यानं परत नेलं होतं. तेव्हापासून लेबल कुठे बसवायचं, हे ठरवण्याआधी ते कुठून सुटेल, ते मी कागदावर मांडतो.

मोजणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. बाटलीवरचा एकच टक्का वाचून थांबू नका. हलका रेणू किती उरलाय, ते विचारा. त्या आकड्यावर कुणाच्या तरी औषधाचा डोस ठरणार असतो.