हातचा नैवेद्य

उज्जयिनीत क्षिप्रेच्या काठाने भैरवगडाकडे निघाले, की काळभैरवाच्या देवळापाशी हारफुलांच्या बरोबरीने मद्याचीही विक्री होत असे. परगावचा पाहुणा पहिल्यांदा बिचकतो. पुजारी बशीत मद्य ओततो, ती मूर्तीच्या ओठांशी तिरपी धरतो, बशी रिकामी होते, आणि उरलेली बाटली भक्ताच्या हाती प्रसाद म्हणून परत येते. आश्विनात महाष्टमीला तर खुद्द जिल्हाधिकारी चोवीस खांबा देवळातील महामाया-महालयेस मद्य अर्पण करतात आणि मग गावातील देवळादेवळांतून, सुमारे 27 किलोमीटर, मडक्यातून मद्याची धार धरीत मिरवणूक जाते. ज्या घरात कांद्यालाही सोमवारी मज्जाव, त्या आमच्या घरातून आम्ही भावंडे हे सारे पाहत वाढलो, आणि त्यात विसंगती आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. देवाचे देवापाशी, आपले आपल्यापाशी.

आमचे घराणे सारस्वताचे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. त्यांच्यामागून माळव्यात आलेल्या कारकुनांत आमचे पूर्वज होते, असे वडील सांगत. वडिलांनी आयुष्यात द्राक्षासवाखेरीज काही घेतले नाही. द्राक्षासवातही धायटीची फुले घालून मुरवण केलेली असते आणि त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो, हे मी त्यांना एकदा सांगितले. ते म्हणाले, "ते औषध आहे," आणि विषय संपला. वकील मी झालो, पण निकाल ते देत.

माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो. 2017 साली मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या तळघरात मी गव्हाची बीअर होताना प्रथम पाहिली. धान्य भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवून त्याचा काढा आटविण्याची यातायात त्याला नव्हती. माल्टचा तयार पाक, गहू आणि जव ह्यांचा, दीड-दीड किलोच्या दोन डब्यांतून येई. काकवीसारखा दाट, रंगाने मधासारखा. पातेल्यातले पाणी गरम झाले की तो विस्तव बंद करी, मग पाक ओती, नाहीतर तो बुडाशी बसून करपतो. पुन्हा आच दिली की पातेल्याकडे पाठ फिरविण्याची सोय नाही; दूध उतू जाते तसाच हा फेस उतू जातो, आणि शेगडी साफ करता करता दुपार जाते. चिमूटभर हॉप्स, म्हणजे एका वेलाची कडसर फुले, घालून तासभर उकळावयाचे, थंड पाणी घालून अठरा लिटर करावयाचे, झटपट वीस अंशांपर्यंत निववावयाचे आणि मग त्यात यीस्ट शिंपडावयाचे. बाकीचा सारा वेळ भांडी धुण्यात. सोवळ्यातला स्वयंपाकही इतका कडक नसतो. कारण एखादा परका जंतू शिरला तर सगळे आंबून फुकट.

नवव्या दिवशी त्याने झाकण उघडले. वास आला तो पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. मी विचारले, "ही केव्हा घातलीस?" तो हसला. काहीच घातले नव्हते. गव्हाच्या बीअरचे यीस्ट स्वतःच ते गंध निर्माण करते, आणि कमी-अधिक उष्णतेप्रमाणे कधी केळे वर येते, कधी लवंग. मला सत्यनारायणाच्या शिऱ्याची आठवण झाली आणि ती झाल्याची लाजही वाटली.

कायद्याची जिज्ञासा माझा पिंडच. बव्हेरियात 1516 साली बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काही घालू नये असा नियम झाला. गहू भाकरीकरिता राखून ठेवला. पुढे गव्हाच्या बीअरचा हक्क 1602 पासून खुद्द ड्यूककडे राहिला, म्हणजे प्रजेला जी मनाई तीच राजाची मिळकत झाली. आता तेथे कोणीही घरापुरती बीअर करू शकतो. मी गेलो तेव्हा वर्षाला 200 लिटरांपर्यंत कर नव्हता, फक्त कस्टम खात्याला आधी कळवावे लागे. भावाने ते पत्र फाइलीत नीट लावून ठेवले होते. मला त्या पत्राचे बीअरहून अधिक कौतुक वाटले.

पुढल्या वर्षी त्याला मुलगी झाली, वेळेच्या फार आधी. तीन महिने ती रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. देवळाची पायरी न चढणाऱ्या माझ्या भावाने त्या दिवसांत काळभैरवाला नवस बोलला, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

2019 च्या भाऊबीजेला तो मुलीला घेऊन आला. पिशवीतून माल्टचे दोन डबे, हॉप्सची पुडी आणि यीस्टचे पाकीट निघाले. म्हणाला, "दादा, आज उकळली तर भैरवाष्टमीला बरोबर एकवीस दिवस होतात. दहा दिवस आंबेल, दहा दिवस बाटलीत. आपल्या तळघरात थंडावा आहे." मी विचारले, दुकानातली बाटली का नको? त्याने आईकडे पाहिले. "नैवेद्य विकतचा नसतो, हातचा असतो, हे मला कोणी शिकविले?"

आई फोंड्याकडची, मंगेशीच्या परिसरातली. रागावली किंवा हळवी झाली की ती कोंकणीत बोलते. तिने यीस्टचे पाकीट नाकाशी धरले आणि म्हणाली, "म्हज्या आजोळांत सान्नांक सूर घालताले, तसोच वास." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देवाक कितें जाय तें देवूच जाणा." म्हणजे निकाल माझ्याविरुद्ध लागला होता.

मी नाही म्हणालो. मध्य प्रदेश अबकारी अधिनियम, 1915 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य करता येत नाही. आदिवासींना घरगुती वापरापुरती सवलत आहे, आम्हांस नाही. महाष्टमीचे मद्यसुद्धा परवान्याच्या भट्टीतले असते. चार बाटल्यांपायी जामिनासाठी ताटकळणारी माणसे मी रोज पाहतो. हे सारे खरेच होते. पण प्रामाणिकपणे लिहावयाचे तर मी त्या वेळी अधिनियमाइतकाच बाररूममधील सहकाऱ्यांच्या हसण्याचाही विचार करीत होतो, आणि भिंतीवरील वडिलांच्या तसबिरीचाही. भावाला ते कळले असावे. तो एवढेच म्हणाला, "तुझा कायदा बरोबर आहे, दादा. तू त्याच्या आड उभा आहेस, इतकेच."

भैरवाष्टमीला त्याने दुकानातली बाटली घेतली. बशी रिकामी झाली. परत मिळालेली बाटली त्याने देवळाबाहेरच एका साधूला दिली आणि घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. गेला तेव्हा डबे येथेच ठेवून गेला.

मुलीला दूध नको असे. आईने एक डबा उघडला. आंबविण्यापूर्वी तो पाक म्हणजे निव्वळ धान्याचा गोडवा, मद्याचा त्यात लवलेश नाही. चमचाभर दुधात ढवळून दिला. आमच्याकडे राहिली तेवढे दिवस ती पोर तेच पीत होती.

2025 च्या 1 एप्रिलपासून सरकारने उज्जयिनीसह धार्मिक नगरांतील मद्याची दुकाने बंद केली. काळभैरवाचा रिवाज चालूच आहे. भक्त बाहेरून बाटली आणतात. त्या रात्री भावाचा फोन आला. "आता दुकानही नाही, दादा. यंदा मुलगी म्हणते मला भैरव पाहावयाचा आहे." मी म्हटले, ये. काय आणावयाचे ते तो बोलला नाही, मीही विचारले नाही.

यीस्टचे ते पाकीट अजून आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीमागे आहे. त्यावरची मुदत केव्हाच टळली. दिवाळीच्या साफसफाईत आई दर वर्षी ते हातात घेते, माझ्याकडे पाहते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवते.