छप्पन पानांच्या बाजूने

टॅरो शिकायला येणारा माणूस आधी बावीस पानांच्या प्रेमात पडतो. जादूगार, सम्राज्ञी, संन्यासी, चंद्र, सूर्य, वीज पडून कोसळणारा मनोरा आणि अर्थातच मृत्यू. नावंच इतकी भारदस्त की भुरळ पडणारच. सिनेमावाल्यांनाही हीच पानं लागतात. मृत्यूचं पान उताणं झालं की मागे व्हायोलिन सुरू. उरलेल्या ५६ पानांकडे मात्र नवशिके वऱ्हाडातल्या लांबच्या पाहुण्यांकडे पाहावं तसं पाहतात. आहेत, असू देत. माझा जीव हळूहळू या पाहुण्यांमध्येच गुंतत गेला. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांच्या आयुष्यात मनोरे काही रोज कोसळत नाहीत. रोज असतं ते कामाचं ओझं, न बोललेलं भांडण, घराचा हप्ता आणि जावं की राहावं हा घोळ. ते सगळं छोट्या पानांत आहे.

ज्यांनी टॅरोचा कॅट कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पानं एकूण ७८. त्यांतली २२ मेजर अर्काना, शून्य क्रमांकाच्या ‘फूल’ या वेड्या भटक्यापासून एकविसाव्या ‘वर्ल्ड’पर्यंत. बाकीची मायनर अर्काना, आणि ती आपल्या नेहमीच्या पत्त्यांची सख्खी भावंडं. चार रंग, प्रत्येकात एक्का ते दश्शी, वर राजा, राणी, गुलाम आणि आपल्या कॅटात नसलेला एक घोडेस्वार. बदामाच्या जागी कप्स, चौकटच्या जागी पेंटॅकल्स, किलवरच्या जागी वाँड्स, इस्पिकच्या जागी स्वोर्ड्स. कप्स पाण्याचे: माया, रुसवा, ओढ. पेंटॅकल्स पृथ्वीची: पैसा, शरीर, हातातलं काम. वाँड्स अग्नीच्या: उमेद, धडपड, ईर्षा. स्वोर्ड्स वायूच्या: विचार, शब्द आणि शब्दांनी होणाऱ्या जखमा. इथे कुणीतरी हमखास विचारतं, पाचवं महाभूत कुठे गेलं? आकाश मी मेजरला देऊन टाकते. शास्त्राधार विचारू नका. वर्गात चालून जातं.

शास्त्राधाराचं म्हणाल तर या विद्येत त्याचे घोळ पहिल्यापासून आहेत. टॅरो हा ईजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे, असं १७८१ मध्ये पॅरिसच्या आँत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने छापून टाकलं. ईजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं शाँपोलियाँने सोडवलं ते १८२२ मध्ये. म्हणजे जेबलँसाहेबांना त्या लिपीतलं अक्षरही लागत नव्हतं! पाठोपाठ अल्येत नावाच्या गृहस्थाने आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेया’ असं नाव घेतलं आणि पानांवरून भविष्य सांगण्याची रीतसर पुस्तकं काढली. खरी गोष्ट एवढीच की ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या दरबारांत, खेळण्यासाठी रंगवली गेली. आज ज्यांना आपण गूढ म्हणतो ती मोठी चित्रं त्या खेळातले कायमचे हुकूम होती. फ्रान्स-ऑस्ट्रियात हा डाव अजूनही पडतो. सावंतवाडीची गोल गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. दशावतारी गंजिफेत १२० पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. पानांवर देव आहेत, पण मांडी घालून खेळायचे ते पत्तेच. पहिल्या तासाला हे सांगितलं की काही चेहरे पडतात. पडू देत.

आज टॅरो वाचणारे बहुतेकजण ज्या पानांवर काम करतात ती १९०९ मध्ये लंडनला छापली गेली आणि एका बाईने काढली. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८ चा, बालपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनला, मग एलन टेरी या नामवंत नटीच्या लायसियम नाटक मंडळीबरोबर भटकंती. आर्थर वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाने तिला काम दिलं, रायडर कंपनीने छापलं आणि कॅटाला नाव पडलं रायडर-वेट. चित्रं काढणारी नावातून गायब. आता आम्ही रायडर-वेट-स्मिथ म्हणतो, उशिरा का होईना. एक मोठं काम संपवलंय, पैसे मात्र अगदीच थोडे, असं तिने त्याच वर्षी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराला कळवलं होतं. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

तिची खरी करामत छोट्या पानांत आहे. तोवरच्या मार्सेय वळणाच्या कॅटात कप्सची पंजी म्हणजे पाच पेले, बस्स. आपल्या बदामाच्या पंजीत पाच बदाम असतात तसे. वेटचं लक्ष मुख्यतः मोठ्या पानांवर होतं, छोट्यांत तिला बरीच मोकळीक मिळाली असावी, असं अभ्यासक मानतात. तिने जवळजवळ प्रत्येक अंकपानावर एक प्रसंग उभा केला. इटलीच्या जुन्या सोला-बुस्का कॅटात असा प्रयत्न झाला होता, त्याची छायाचित्रं १९०७ च्या सुमारास ब्रिटिश म्यूझियममध्ये आली होती, आणि तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय तिने तिथूनच उचललेलं दिसतं. बाकी बरंचसं नाटकवालीचं. कित्येक पानांत माणसांच्या पायाखाली सपाट फळी आणि मागे रंगवलेला पडदा आहे असंच वाटतं.

कप्सची पंजीच घ्या. काळा झगा पांघरलेला माणूस मान खाली घालून उभा, पुढ्यात तीन पेले लवंडलेले. पाठीमागे दोन शाबूत आहेत, ते त्याला दिसत नाहीत. पुस्तिकेत अर्थ दिलेला असतो: शोक, नुकसान. तेवढं सांगून मी थांबले तर समोरच्याच्या पदरात काय पडलं? शोक आहे हे त्याला ठाऊक होतंच, म्हणून तर तो आला. मी विचारते, हा कुठे बघतोय? मागे नदीवर पूल आहे, तो दिसला होता का तुम्हाला? कुणी म्हणतं, ते दोन पेले म्हणजे माझी मुलं. कुणी म्हणतं, पूल दिसतोय, पण मला इतक्यात जायचं नाही. दुसरं उत्तर मला जास्त खरं वाटतं, आणि मग मी पुलाचं नाव काढत नाही.

कप्सच्या अठ्ठीत पेले नीट रचलेले आहेत. वरच्या रांगेत एका पेल्याची जागा रिकामी, आणि लाल झग्यातला माणूस पाठ फिरवून डोंगराकडे निघालाय. काही सांडलेलं नाही, फुटलेलं नाही, तरी निघालाय. एकाच नोकरीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसासमोर हे पान आलं की तो आपणहून बोलायला लागतो, कारण घरच्यांना नेमकं हेच सांगता येत नसतं: तक्रार काही नाही, पण आता बास.

वाँड्सची दश्शी म्हणजे ओझं, हे कुणीही सांगेल. पण बारकाईने पाहा, त्या वाकलेल्या माणसाने मोळी अशी धरली आहे की तोंडच तिच्यात खुपसलं गेलंय; गाव समोर आलंय हे त्याला कसं कळणार? स्वोर्ड्सच्या अठ्ठीत एक बाई बांधलेली, डोळ्यांवर पट्टी, भोवती तलवारी. पाय मात्र मोकळे आहेत आणि पुढची वाट उघडी आहे. हे पान मी फार जपून वाचते. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘तुझे पाय मोकळेच आहेत’ म्हणणं हा दुष्टपणा झाला. तिथे पानं गुंडाळायची आणि समुपदेशकाचा नाहीतर वकिलाचा फोन नंबर द्यायचा.

आकड्यांनाही स्वभाव असतो. एकाच मांडणीत दोन पंज्या आल्या की मी सावध होते. वाँड्समध्ये काठ्यांची मारामारी, स्वोर्ड्समध्ये जिंकूनही न शोभणारा विजय, पेंटॅकल्समध्ये उजळलेल्या खिडकीखालून बर्फातून जाणारे दोन फाटके जीव. एक्क्यापाशी सुरुवात, दश्शीपाशी शेवट, आणि पाच बरोब्बर मध्येच अडकलेला. मेजरचं मोठं पान अशा वेळी शेजारी आलं तरी मी सुरुवात पंजीपासून करते.

कोकणात गुरव देवाला कौल लावतो. उजवा कौल मिळाला की होकार, डावा पडला की नकार, रोखठोक कारभार. टॅरोकडेही पुष्कळजण तसा कौल मागायला येतात. ‘लग्न कधी होईल?’ याचं उत्तर ७८ चित्रांत कुठेही रंगवलेलं नाही. मग प्रश्न फिरवून घ्यावा लागतो: लग्नाचा विषय निघाला की तुमच्या घरात काय होतं? आता पानांना बोलायला काहीतरी मिळालं. अर्धा वेळ प्रश्न घडवण्यातच जातो, आणि माझी फी त्याचीच असते असं मी मानते. वेटच्या पुस्तकामुळे गाजलेली दहा पानांची सेल्टिक क्रॉस मांडणी मी क्वचितच मांडते, तीन पानं पुरतात. उलटं आलेलं पान सरळ करून ठेवते. अर्थ उलटा करण्याची पद्धत आहे, मला ती रुचत नाही. तब्येतीचे आणि गैरहजर माणसाच्या मनात काय चाललंय याचे प्रश्न घेत नाही.

मग यात भविष्य कुठे आहे? माझ्या मते नाहीच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ‘खास तुमचं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. मजकूर सगळ्यांना एकच, राशिभविष्याच्या बाजारू पुस्तकातून उचललेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ओळखीचे एक अंनिसचे कार्यकर्ते हा प्रयोग मला दर भेटीत ऐकवतात, आणि मी तो वर्गात ऐकवते. ‘तुम्ही वरून कठोर पण आतून हळवे आहात’ हे पान न उलटताही कुणालाही सांगता येतं, म्हणून माझ्या वर्गात त्या वाक्याला बंदी आहे.

पहिला कॅट कुणीतरी भेट द्यावा लागतो, असं नवे लोक कुठून तरी ऐकून येतात. काही गरज नाही, स्वतःच्या पैशाने घ्या. पुण्यात ओशो झेन टॅरोची ओढ असते; पानं देखणी आहेत, पण त्यात ७९ वं एक जादा पान आहे, रंगांची नावंही निराळी, ते नंतर. आधी स्मिथबाईंचा घ्या. कागद फार जाड नको, पिसताना हात भरून येतात. सोबतची पुस्तिका डब्यातच राहू द्या. रोज एक छोटं पान काढायचं आणि त्यात काय दिसतं एवढंच पाच ओळींत लिहायचं. वाँड्सच्या अठ्ठीत एकही माणूस नाही, नुसत्या आठ काठ्या हवेतून चालल्या आहेत. तिच्यावर पाच ओळी जमल्या की पुढच्या वर्गाला या.