चौथ्या चालीचं प्यादं

सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथची माणसं आधी उलट दिशेने बदलापूरला जातात. मुंबई मागे टाकायची, थोडा वेळ द्यायचा आणि परतीच्या प्रवासाला खिडकी धरायची. बुद्धिबळातला इव्हान्स गँबिट या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या तीन चाली सरळ: राजापुढची प्यादी, घोडे, मग दोन्हीकडचे उंट. चौथ्या चालीला पांढरा वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं टाकतो, थेट काळ्या उंटाच्या तोंडी. उंटाने ते मारलं की शेजारचं प्यादं एक घर सरकवून त्याला हुसकवायचं. तो जागा शोधतो तोवर पटाचा मध्य आपल्याकडे येतो, वजिराच्या आणि उंटांच्या वाटा मोकळ्या होतात. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श कप्तानाने १८२०च्या दशकात हे शोधलं. १९९५ साली रीगाला कास्पारोव्हने याच सुरुवातीने आनंदला २५ चालींत हरवलं, म्हणजे ही चाल नुसती जुन्या काळची हौस नव्हे.

तरी तिचं खरं घर मैत्रीचा डाव. आंडरसेनचा ‘एव्हरग्रीन’ म्हणून गाजलेला डाव १८५२ साली बर्लिनमध्ये असाच, कुठल्याही स्पर्धेबाहेर रंगला. सुरुवात इव्हान्सची, आणि शेवटी वजीरही देऊन दोन उंट व एका प्याद्याच्या बळावर मात! गुणांचा हिशेब असता, तर इतकं उधळायचा धीर कुणाला झाला असता?

संध्याकाळच्या गाडीत आमचा पट चुंबकाचा. समोर उल्हासनगरचा मित्र. मी प्यादं पुढे करतो. तो विचारतो, “खाऊ का, साईं?” मी म्हणतो, “खा.” तो चुकेल या आशेवर मी ते देत नाही. तो उत्तम खेळला तरी पुढे दोघांनाही डोकं खाजवावं लागेल, एवढी खात्री मला हवी असते. घट्ट बचाव करून प्यादं जपण्यात हा आनंद नाही, असं माझं ठाम मत आहे.

या गँबिटवर लास्करचा उतारा आहे: घेतलेलं प्यादं वेळेत परत करायचं, वजिरांची मारामारी करायची आणि शांतपणे पुढे खेळायचं. मित्राला तो पाठ आहे. पण विठ्ठलवाडी मागे पडते, पुढचं स्टेशन त्याचं, आणि तो दुसरं प्यादंही खातो.