पाऱ्याची जोडी आणि प्रयोगशाळेचे कपाट

इतिहास हा आमचा विषय. तरीही या स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना आठवते ती विज्ञानाची एक बदली तासिका. नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मर्क्युरस क्लोराइडमध्ये पारा आणि क्लोरीन सारख्याच प्रमाणात आहेत, तर सूत्रात दोघांचे दोन-दोन अणू का लिहायचे?"

उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. त्या रात्री वसतिगृहाच्या वाचनालयात ते सापडले. या संयुगात पाऱ्याचे दोन अणू, मध्ये दुसरे कोणी नसताना, थेट एकमेकांशी बांधलेले असतात. क्लोरीनचे अणू दोन टोकांना असतात. म्हणून ही जोडी सूत्रात अर्धी करता येत नाही.

याच कुळातील मर्क्युरस नायट्राइट हे संयुग आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शोधले. थंड, विरल नायट्रिक आम्लाची पाऱ्यावर क्रिया करून त्यांना मर्क्युरस नायट्रेट तयार करावयाचे होते. अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक दिसले. त्यांनी ते बाजूला न सारता तपासले.

याच राय यांनी पुढे भारतीय रसायनविद्येचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला. हाताने करावयाच्या कला जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या जातींकडे लोटल्या, बुद्धिजीवी वर्ग प्रत्यक्ष कामापासून दूर गेला आणि चिकित्सक वृत्ती लोपली, असे निदान त्यांनी त्यात मांडले.

ते वाचताना आम्हांला आमचे शालेय दिवस आठवले. प्रयोगाच्या वेळी आम्हां वस्तीतल्या मुलांना मागे उभे केले जाई. परीक्षानळीला हात न लावताच आम्ही विज्ञान उत्तीर्ण झालो आणि पुढे इतिहासाकडे वळलो. ती निवड पूर्णपणे आमची होती काय, हा प्रश्न त्या रात्री प्रथमच पडला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी शाडूच्या गोळ्या आणि काड्या घेऊन ते संयुग स्वतः जोडले. मधली काडी कोणाला जोडते, हे कोणालाच सांगावे लागले नाही.

तेव्हापासून हा इतिहास आम्ही दरवर्षी नववीला सांगतो. मुले विचारतात, "आम्हांला करून पाहता येईल का?" पारा विषारी आहे, त्याला नकारच द्यावा लागतो. परंतु बाकी उपकरणांचे कपाट उघडे असते, आणि त्यापुढे कोणालाही मागे उभे राहावे लागत नाही.