एकशे ब्याऐंशीवा दिवस

अकोल्यात ‘धाकटा भाऊ जहाजावर आहे’ असं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? आणि टॅक्स लागत नाही म्हणतात ना? समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, पण ही माहिती पानठेल्यावरही असते. मीही ‘नाही लागत’ म्हणायचो. त्या वाक्यापुढे एक ‘जर’ असतो, हे मला २०२४ मध्ये नीट कळलं. चूक माझीच होती.

आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत आहे आणि बाकी उत्पन्नावरचा केंद्राच्या. म्हणून बाबांच्या कापूस-सोयाबीनला केंद्राचा प्राप्तिकर नाही, आणि भावाच्या पगारावर तो लावण्याचा महाराष्ट्राला अधिकार नाही. अमेरिकेत बरीच राज्यंही प्राप्तिकर घेतात, त्यामुळे तिथल्या खलाशाला आपण राहतो कोणत्या राज्यात हे सिद्ध करत बसावं लागतं. आपल्या खलाशाला प्रश्न एकच : १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तू भारतात किती दिवस होतास? १८२ किंवा जास्त असतील तर तू निवासी, आणि परदेशी जहाजावरचा सगळा पगार करपात्र. १८१ असतील तर अनिवासी. मग तो पगार इथल्या एनआरई खात्यात जमा झाला तरी तेवढ्यामुळे करपात्र होत नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०१७ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे.

जहाजावरची पोरं हे उलटं पाठ करतात. ‘१८४ दिवस बाहेर काढ, सुटलास.’ ३६५ वजा १८१, बरोबर १८४.

त्या वर्षी भावाला जहाज मिळायलाच उशीर झाला. १२ सप्टेंबर २०२३ ला मुंबईहून सिंगापूरला उडाला आणि तिथे जहाजावर चढला. फेब्रुवारीत आईच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं, तारीख मिळाली १८ मार्च. त्यानं जहाजावरून मेसेज केला, “१५ ला उतरलो तर चालते ना?” मी इंजिनिअर. दिवस मोजायला दहा ओळींचा प्रोग्रॅम आधीच लिहून ठेवला होता. तारखा टाकल्या. १३ सप्टेंबर ते १४ मार्च, पूर्ण बाहेरचे दिवस १८४. शेवटच्या ओळीत ‘१८४ किंवा जास्त असेल तर ठीक’ अशी अट मीच लिहिलेली. “चालते,” म्हणून कळवलं.

१५ मार्चला त्याचं विमान मुंबईत उतरलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या रात्रीची अमरावती एक्स्प्रेस धरून १७ ला पहाटे तो अकोल्यात. ऑपरेशन नीट झालं.

जुलैत विवरणपत्र भरायला अमरावतीला मामांकडे गेलो. ते सीए आहेत. अकोला-अमरावती रस्ता आता एवढा गुळगुळीत आहे की वाटेत विचार करायला वेळ मिळत नाही. (जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला होता. तिथे दिवसच काय, मिनिटंही मोजली होती.) मामांनी पासपोर्टवरचे शिक्के पाहिले, बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“फेब्रुवारी किती दिवसाचा होता यंदा?”

एकोणतीस. वर्ष ३६६ दिवसांचं. त्यातून १८४ वजा केले की उरतात १८२.

“समुद्रातले दिवस कायले मोजत बसला रे? कायदा घरातले मोजते,” मामा म्हणाले.

लीप वर्ष. कोणत्याही मुलाखतीत मी ही चूक समोरच्याची लगेच पकडली असती. माझ्या प्रोग्रॅमला तर फेब्रुवारीचे २९ दिवस बरोबर माहीत होते, फक्त शेवटच्या अटीतला आकडा मी पोरांच्या तोंडचा घेतला होता. सोळा लाख पगार, पन्नास हजार प्रमाणित वजावट, नव्या पद्धतीनं कर आणि उपकर मिळून १,७१,६०० रुपये. वर व्याज. विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं असतं तर शून्य.

मार्ग नव्हता असं नाही. आगमनाचा दिवस धरू नये असे न्यायाधिकरणांचे निकाल आहेत, आणि आमचा सगळा प्रश्न त्या एका दिवसाचाच होता. “पण नोटीस येईल, लढावं लागेल,” मामा म्हणाले. भावाला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नोटीस येईन तवा मी कुठी असन? भरून टाक.” मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तिला चार दिवसांत कळलंच. “माह्या ऑपरेशनमुळे झालं काय रे?” नाही म्हटलं, माझ्यामुळे झालं. तिला ते पटलं नाही. तिनं जुनं कालनिर्णय काढलं. तो घरी असला की आमचं दूध अर्धा लिटर जास्त येतं आणि ती त्या तारखेखाली पेन्सिलीनं खूण करते, महिन्याचा हिशेब चुकू नये म्हणून. दोन्ही वर्षांची कॅलेंडरं पलंगावर मांडून तिनं १ एप्रिलपासूनच्या खुणा मोजल्या. दोनदा मोजल्या.

१७८ भरल्या. जाताना मुंबईतले दोन दिवस आणि येतानाचे दोन तिच्या हिशेबात नव्हतेच.

“हे दाखव ना त्यायले,” ती म्हणाली.